पुसलेला लाल ठिपका

वाचनालयाच्या वार्षिक अंकात ‘आपल्यातला माणूस’ असं एक पान असतं. यंदा ते मी लिहावं असं समितीत ठरलं आणि मी मान खाली घालून हो म्हटलं. कोणावर लिहिणार, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

लेकीच्या खोलीतला दिवा आत्ता बंद झाला. तो बंद झाल्याशिवाय मला झोप येत नाही, ही माझी जुनी खोड. आता झोप आली तरी चालणार नाही. पान उद्या द्यायचं आहे.

ठिपकेकाकांना आमच्या भागातल्या बहुतेक घरांनी कधी ना कधी टेबलाखाली शिरलेलं पाहिलेलं आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करतात. वय अठ्ठावन्न. खांद्याला पिशवी, गुडघ्यांना बायकोने जुन्या गोधडीच्या शिवलेल्या गाद्या, आणि शर्टाच्या खिशात टेस्टरशेजारी लाल नेलपॉलिशची बाटली. खाली वाकायच्या आधी ते स्वतःशीच म्हणतात, “एक, दोन, बसलो.” उठताना मोजत नाहीत. उठताना ओठ आवळतात.

त्यांची आमची गाठ पडली ती लेकीच्या मोठ्या मॉनिटरमुळे. लेक इमारतींच्या नळजोडणीचे नकाशे काढते. तिचं जुनं ऑफिस बंद पडलं तेव्हा तिथला एक मोठा मॉनिटर तिने घरी आणला आणि आपल्या जुन्या छोट्या मॉनिटरशेजारी ठेवला. मोठ्यावर नकाशा, छोट्यावर याद्या आणि पत्रं. घरी बसून मिळालेलं तिचं ते पहिलंच काम होतं, आणि माझा जीव त्या टेबलाभोवतीच घुटमळत असायचा. डोळे बिघडतील, पाठ धरेल, काम जाईल, माझी यादी तयारच.

मॉनिटर लागला, चित्र आलं, पण पुसट. जसं दुसऱ्याचा चष्मा लावून बघावं तसं. थंड पाण्याची रेघ आणि गरम पाण्याची रेघ एकमेकींत मिसळून जायच्या. लेकीने मला दाखवलं, हा मॉनिटर २५६० बाय १४४० ठिपके दाखवू शकतो, पण सेटिंगच्या यादीत आकडे १९२० बाय १०८० ला येऊन थांबतात. त्याच्या वरचं काही निवडताच येत नाही. तीन दिवस ती झगडली. ग्राफिक्स कार्डाचा प्रोग्रॅम काढून परत टाकला, छोटा मॉनिटर बंद करून पाहिला, कॉम्प्युटर शंभरदा बंद-चालू केला. चौथ्या दिवशी म्हणाली, “आई, मीच मठ्ठ आहे बहुतेक.” मग मी ठिपकेकाकांना फोन केला.

त्यांनी सेटिंग उघडलंच नाही. “एक, दोन, बसलो,” म्हणून टेबलाखाली गेले, मागून दोन्ही मॉनिटरच्या केबल काढल्या आणि त्यांची तोंडं माझ्यासमोर धरली.

“ताई, दात मोजा.”

“कसले दात?”

“या पिनांचे. तीन ओळी आहेत. मध्ये बघा.”

दोन्ही केबलींच्या तोंडात मधोमध फट होती. सहा पिना नव्हत्याच.

“अय्या, पडल्या की काय?”

“पडल्या नाहीत, मुळात आल्याच नाहीत. बोळकीच जन्मली ही. छोट्या मॉनिटरला एवढे दात पुरतात. मोठ्याला घास मोठा, त्याला सगळे दात हवेत.” त्यांनी पिशवीतून एक जाड, काळी, ताठर केबल काढली. तिचे चोवीसच्या चोवीस दात जागेवर होते. “गंमत म्हणजे बोळकी केबलसुद्धा या भोकात बरोब्बर बसते. बसली नसती तर कोणी फसलं नसतं. बसते, चित्रही दाखवते, म्हणून माणूस तीन दिवस सेटिंगशी मारामारी करतो.”

लेक म्हणाली, “म्हणजे मी मठ्ठ नाही ना, काका?”

“नाही बाळ, तू शिकलेली आहेस. शिकलेला माणूस आधी आत बघतो. मी आधी मागे बघतो.”

जाड केबल लागली आणि यादीत २५६० उमटलं. रेघा सुट्या झाल्या. मी चहा ठेवला. मग काकांनी खिशातली बाटली काढली आणि जाड केबलच्या दोन्ही टोकांना, मोठ्या मॉनिटरच्या भोकापाशी आणि कार्डाच्या एका भोकापाशी, मुंगीएवढा लाल ठिपका लावला.

“लालला लाल. कधी काढावी लागली तर एवढं बघायचं.”

“दुकानदार काय म्हणत असेल तुम्हाला?” लेकीने विचारलं.

“दुकानात मुलगी असते. म्हणते, काकूंना हाच रंग फार आवडतो वाटतं? मी म्हटलं, काकूंनी आयुष्यात लावलं नाही. हे सीपीयूला.”

त्या चहावर त्यांनी ठिपक्याची गोष्ट सांगितली. सतराव्या वर्षी ते टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागले. पहिल्याच महिन्यात दोन गिऱ्हाइकांचे सारखेच दिसणारे टीव्ही उघडून ठेवलेले, आणि यांनी एकाच्या तारा दुसऱ्याला जोडल्या. एक सेट भडकून जळला. मालकाने हात उगारला नाही. नुसतं म्हणाला, “डोक्यावर भरवसा ठेवू नकोस. खुणेवर ठेव. डोकं घरी भांडून येतं, खूण येत नाही.” त्या दिवसापासून ठिपका.

काचेच्या नळीचे टीव्ही गेले, दुकान गेलं. शेहेचाळिसाव्या वर्षी काका कॉम्प्युटरच्या क्लासला बसले. शिकवणारा त्यांच्या धाकट्या भाच्याच्या वयाचा. संध्याकाळी बायको पोळ्या लाटता लाटता वहीतून प्रश्न विचारायची आणि चुकलं की लाटणं ओट्यावर आपटायची. नंतरची बारा वर्षं जिने चढण्यात गेली. गुडघे त्या जिन्यांवर गेले.

उठताना ते म्हणाले, “ताई, तुम्ही वाचनालयाच्या समितीत आहात ना? मी अर्ज केलाय.”

मला माहीत होतं. वाचनालयात चौदा कॉम्प्युटर नवे आले होते आणि ते सांभाळायला कायम कोणीतरी हवं होतं. एकीकडे काकांचा अर्ज, दुसरीकडे एका कंपनीचा, जिची माणसं एकसारखे निळे शर्ट घालून येतात.

“खिडकीपाशी एक टेबल मिळेल म्हणतात,” काका म्हणाले. “टेबल मिळालं की झालं. कॉम्प्युटर माझ्याकडे येतील, मी त्यांच्याकडे जायला नको. जिने संपले.”

“तुम्हालाच मिळणार,” मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

दोन आठवडे सगळं छान चाललं. मग एका मंगळवारी लेक नकाशे द्यायला बाहेर गेली आणि मी तिचं टेबल आवरायला घेतलं. तिने कितीदा बजावलंय की तिथे हात लावू नकोस. पण धूळ बघून गप्प बसणं मला जमत नाही. जाड केबल ताठर असल्यामुळे टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे आलेलं होतं आणि त्या फटीत जाळी धरली होती. मी दोन्ही केबल काढल्या, मागचं सगळं पुसलं. पुसताना लाल डाग दिसले.

इथे मी थोडं थांबते. मी विज्ञानाची पदवीधर आहे. दोन आठवड्यांपूर्वी त्याच खोलीत उभं राहून त्या ठिपक्याची गोष्ट ऐकून मी हसले होते. तरी त्या क्षणी मला तो डागच दिसला. लेकीच्या नेलपॉलिशचा असणार, कुठे कुठे सांडते ही पोरगी, असंच मनात आलं. ओल्या फडक्याने निघेना, म्हणून तिच्याच कपाटातलं रिमूव्हर आणून मी चारही ठिकाणं लख्ख केली. मग केबल परत लावल्या. जाड केबल आखूड, म्हणून जवळच्या छोट्या मॉनिटरला. बारीक केबल लांब आणि वळणारी, म्हणून दूरच्या मोठ्याला. टेबल भिंतीला चिकटलं. दोन्ही स्क्रीन उजळले. काय सुरेख दिसत होतं!

लेक संध्याकाळी आली आणि पाच मिनिटांत ओरडली, “आई! हे परत पुसट झालंय. तू काही केलंस का?”

“मी? मी फक्त पुसलं.”

हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. केबल काढून परत लावल्याचं मी सांगितलं नाही. दोन्ही स्क्रीन चालू होते, म्हणजे माझं काही चुकलेलं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. लेक पुन्हा सेटिंग उघडून बसली. यादी पुन्हा १९२० ला थांबलेली. तिला त्या शुक्रवारी दुपारपर्यंत एक मोठा नकाशा द्यायचा होता. तिचा चेहरा उतरला, आणि लेकीचा चेहरा उतरला की मला कोणीतरी दोषी लागतो.

“केबल त्याच्या पिशवीतली होती ना? जुनी असणार. चालली तितके दिवस चालली.”

“आई, फोन कर ना त्यांना.”

मंगळवारी चार वेळा केला, बुधवारी सहा वेळा. उचललाच नाही. “बघ,” मी म्हटलं, “जुना माल खपवला आणि आता तोंड लपवून बसलाय.” मी त्यांना अरेतुरे करायला लागले होते, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी समितीची सभा होती. अध्यक्षबाई, म्हणजे आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणाल्या, “बहुतेकांचा कल ठिपकेकाकांकडे दिसतोय. कोणाला काही सांगायचंय?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. “माणूस बरा आहे,” मी म्हणाले, “पण माझ्या घरचा अनुभव सांगते. जुनी केबल नवी म्हणून लावली, दोन आठवड्यांत बिघडली, आणि आता फोनही उचलत नाहीत. उद्या चौदा कॉम्प्युटर त्यांच्या हातात द्यायचे, तर विचार करा.”

जुनी केबल नवी म्हणून लावली, हे त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. तेवढं मी माझ्या पदरचं घातलं. सोनेरी चष्म्याचे एक सभासद आहेत, त्यांनी लगेच समितीच्या वहीत टिपलं. दहा मिनिटांत कंपनीचं नाव पक्कं झालं. घरी येताना मला वाटलं, चला, वाचनालयाचं नुकसान टळलं.

शुक्रवारी सकाळी नऊला दारात ठिपकेकाका. “माफ करा ताई, फोन घरीच राहिला होता. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दवाखान्यातच होतो. रात्री तुमचे दहा फोन बघितले आणि म्हटलं, आधी तिकडेच जाऊ.”

मी काहीतरी पुटपुटले. लेक त्यांना आत घेऊन गेली. “एक, दोन, बसलो.” ते टेबलाखाली गेले, बॅटरी लावली. मी दारात उभी होते. मला त्यांचा हात तेवढा दिसत होता. कार्डाच्या भोकापाशी त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग केबलच्या टोकावर. मग अंगठा नाकाशी नेला.

रिमूव्हरचा वास तीन दिवस राहतो का, मला माहीत नाही. पण त्या क्षणी चार लाल डाग माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि डाग म्हणून नाही, ठिपके म्हणून आले.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे चांगला मास्तर बघतो, तसं.

“काय झालंय काका?” लेकीने विचारलं.

“काही नाही बाळ. केबलींची अदलाबदल झालीय. बोळकी मोठ्याला लागलीय.”

“आपोआप?”

“माझा ठिपका कच्चा होता. निघून गेला. खूण गेली की काहीही होतं. माझीच चूक.”

दोन मिनिटांत २५६० परत आलं. त्यांनी बाटली काढली आणि चारही ठिपके पुन्हा लावले, या वेळी जरा मोठे. मी चहा विचारला, तो त्यांना नको होता. बायकोला औषध घालायची वेळ झाली होती. दारापाशी चपला घालता घालता त्यांनी विचारलं, “वाचनालयाचं काही कळलं का हो? सभा काल होती ना?”

“अजून... पत्र निघालेलं नाही,” मी म्हणाले.

“बरं बरं. घाई नाही.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मी दार लावलं नाही. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत उभी राहिले.

दुपारी लेकीचा नकाशा गेला. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. पुसल्याचं, केबल फिरवल्याचं, सभेतलं. वाटलं होतं ओरडेल. ती ओरडली नाही.

“म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा, आई.”

“हो.”

“आणि ते टेबलाखालून तुला वाचवत होते.”

“हो गं.”

“मग हे मला कशाला सांगतेस? मला सांगून त्यांना टेबल मिळणार आहे का?”

अध्यक्षबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “पत्र काल रात्रीच टाकलं. कंपनीची सही मात्र सोमवारी आहे. बोलायचं असेल तर सोमवारी या, आणि सगळ्यांसमोर बोला.” मग म्हणाल्या, “पण आधी त्यांच्याकडे जा.”

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. लेक बरोबर यायला निघाली होती, मी नको म्हटलं. एकच खोली, पण कुठे तसूभर पसारा नाही. डब्यांना, किल्ल्यांना, औषधाच्या बाटल्यांना ठिपके. काकू एका डोळ्याला पट्टी बांधून कॉटवर बसल्या होत्या. पत्र टेबलावर उघडंच पडलेलं होतं.

“या ताई,” काका म्हणाले. “आलं बघा पत्र. नाही म्हणाले. मी सकाळपासून हिला तेच सांगतोय, त्यांचं काही चुकलं नाही. मुलाखतीला खुर्चीतून उठताना मी टेबलावर हात टेकला, ते बघितलं असणार. गुडघ्यांमुळे नाही म्हणाले.”

“गुडघ्यांमुळे नाही,” मी म्हणाले. “माझ्यामुळे.”

मी सांगितलं. कुठेही काही न गाळता, निदान तसा प्रयत्न करून. माझा आवाज इतका खाली गेला होता की काकू म्हणाल्या, “मला एका डोळ्याने दिसतंय ताई, पण ऐकू दोन्ही कानांनी येतं. जरा मोठ्याने सांगा. सभेत काय म्हणालात?”

मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. “जुनी केबल नवी म्हणून लावली.”

काकू काकांकडे वळल्या. “चाळीस वर्षांत यांना खोटा स्क्रूसुद्धा लावता आला नाही. लावता आला असता, तर आज दोन खोल्या असत्या.”

काकांनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाले, “पुसलंत त्याचं काही नाही. ठिपका म्हणजे डागच की. पण ताई, मी दाराशी विचारलं तेव्हा तरी सांगायचं.”

 

सोमवारी मी समितीसमोर उभी राहिले. माझं बोलणं संपल्यावर सोनेरी चष्मा म्हणाले, “ठीक आहे, पण आगीशिवाय धूर निघत नाही.” अध्यक्षबाई ताडकन म्हणाल्या, “आग आपणच लावली, असं त्या सांगताहेत ना? अजून काय ऐकायचंय?” कंपनीची सही झाली नाही. काकांना दुसरं पत्र गेलं. पण त्यात एक ओळ जास्त होती, सहा महिने काम बघून मग कायम करू. आधी ठरलेल्या अटींत ती ओळ नव्हती. ती माझ्या बोलण्याने आली आणि मी कितीही सांगितलं तरी निघाली नाही.

खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे. पाचवा महिना चालू आहे. चौदाही कॉम्प्युटरना मागे लाल ठिपके आहेत. संध्याकाळी काका गेले की सोनेरी चष्मा कपाट उघडून केबली मोजतात, वहीशी ताडून बघतात. काकांना ते माहीत आहे. म्हणून ते निघायच्या आधी केबली स्वतःच ओळीने टेबलावर मांडून ठेवतात, मोजणाऱ्याला वाकावं लागू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, “तुमच्यावर लिहू का अंकात?”

“माझ्यावर काय लिहायचं? केबलींचं लिहा. लोक अजून आधी सेटिंगच उघडतात.”

“माझं पण लिहावं लागेल त्यात.”

ते बाटलीचं झाकण लावत होते. ते घट्ट करून म्हणाले, “लिहा. पण लिहून झालं की ‘जुनी केबल नवी म्हणून’ हे तुम्ही म्हणालात, ते गाळू नका. ते समितीच्या वहीत आहे.”

गाळलेलं नाही. वहीत आहे, तसं इथेही आहे, आणि ते खोटं आहे. हे पान पुढच्या महिन्याच्या सभेआधी छापून यावं एवढीच माझी संपादकांना विनंती आहे. त्या सभेत ती जास्तीची ओळ काढायची की ठेवायची ते ठरणार आहे.